पाण्याचा ताळेबंद: पाच एकर उसाला लागतं तेवढ्यात अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिणं भागतं, गावाने हिशोब मांडायचा कसा? वाचा सविस्तर

मार्च संपत आला की दुष्काळी पट्ट्यातल्या गावांत तेच चित्र दिसायला लागतं. विहिरी तळ दाखवतात, बोअरच्या पाण्यात हवा येते आणि एप्रिलमध्ये ग्रामपंचायतीचा टँकरचा प्रस्ताव तालुक्याला जातो. त्याच गावाच्या शिवारात एखाद्या मळ्यात ऊस मात्र हिरवागार उभा असतो. पाऊस कमी पडला हे खरंच. पण पडलेल्या पावसाचं पुढे काय झालं, किती पाणी मुरलं आणि ते कुणी कशावर खर्च केलं, याचा हिशोब बहुतेक गावांत कुणाकडेच नसतो.

पृथ्वीचं भविष्य, हवामान बदल, शाश्वत विकास या विषयांवर मोठमोठ्या परिषदा होतात. गावापुरतं बोलायचं तर हा सगळा विषय एका प्रश्नावर येऊन थांबतो. यंदा जेवढं पाणी जमिनीत गेलं, त्यापेक्षा जास्त उपसायचं नाही, हे गावाला जमेल का? त्यासाठी जे साधन वापरतात त्याला पाण्याचा ताळेबंद, जलअंदाजपत्रक किंवा वॉटर बजेट म्हणतात. त्याला मोठा खर्च येत नाही. सातवी-आठवीचं गणित येणारं कुणीही पोरगं हा हिशोब मांडू शकतं. अवघड आहे ते हिशोबानंतर एकत्र बसून ठरवणं आणि ठरवलेलं पाळणं.

ताळेबंद म्हणजे नेमकं काय?

घरात दिवाळीआधी जसा हिशोब होतो तसाच हा हिशोब. कांद्याचे किती आले, दुधाचे किती आले, त्यातून सोसायटीचं कर्ज किती, पोरांची फी किती, हातात राहणार किती. पाण्याच्या बाबतीत जमेच्या बाजूला पाऊस असतो. खर्चाच्या बाजूला माणसं, जनावरं आणि पिकं. जमेतून आधी पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, थोडं शिल्लक ठेवायचं आणि उरलेल्या पाण्यात बसतील एवढीच रब्बीची आणि उन्हाळी पिकं घ्यायची.

खरिपाचं पीक बहुतांशी थेट पावसावर आणि मातीतल्या ओलीवर येतं. म्हणून या हिशोबाचा खरा जोर रब्बी, उन्हाळी आणि बारमाही पिकांवर असतो.

मोजायचं कशात? टँकरमध्ये

सरकारी कागदात पाणी ‘टीसीएम’मध्ये मोजतात. एक टीसीएम म्हणजे एक हजार घनमीटर, म्हणजेच १० लाख लिटर. गावकऱ्यांना समजायला सोपं असं सांगायचं तर १० हजार लिटरचे १०० टँकर म्हणजे एक टीसीएम.

पावसाचं गणितही सोपं आहे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. एका हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे १० हजार लिटर, एक टँकर. गावाचं क्षेत्र हेक्टरमध्ये आणि पाऊस मिलिमीटरमध्ये घेऊन गुणाकार केला की गावात किती टँकर पाणी पडलं ते कळतं. १ हजार हेक्टरच्या गावात ४०० मिलिमीटर पाऊस झाला तर ४ लाख टँकर, म्हणजे ४ हजार टीसीएम पाणी पडलं. दुष्काळी म्हणवल्या जाणाऱ्या गावातला हा आकडा आहे.

एवढं पाणी पडतं तर मग ते जातं कुठे? मोठा वाटा उन्हावाऱ्याने उडून जातो आणि पिकं-गवत मातीतल्या ओलीतून घेतात. काही ओढ्या-नाल्यातून वाहून जातं. राहिलेला थोडा हिस्सा खडकात मुरतो. विहिरीत येतो तो हा शेवटचा हिस्सा.

आपल्या खडकात मुरतं किती?

महाराष्ट्राचा पाचापैकी चार वाटे भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. गंगेच्या मैदानात खोल गाळ आहे, तिथे जमीन स्पंजासारखं पाणी धरते. आपल्याकडे तसं नाही. वरची माती, खालचा मुरूम आणि फुटका-भेगाळलेला खडक एवढ्यातच पाणी साठतं. त्याच्याखाली अखंड पाषाण लागला की पाणी फक्त भेगांमध्ये सापडतं. शेजारच्याच्या बोअरला तीन इंची पाणी आणि आपल्या बोअरला नुसता फुफाटा, असं होतं ते यामुळेच.

म्हणून पडलेल्या पावसातलं फार थोडं पाणी भूजलात जातं. अंदाजाला शंभरातले दहा वाटे धरून चालतात. खडक जास्त फुटका असेल तर दोन-तीन वाटे जास्त, अखंड असेल तर कमी. नेमका आकडा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून मिळू शकतो. ही यंत्रणा ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते.

एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. पाचशे-सातशे फुटांवर लागलेलं पाणी म्हणजे नवीन साठा असतोच असं नाही. पुष्कळदा ते वरच्याच भेगांतून खाली ओढलं गेलेलं असतं, नाहीतर फार वर्षांपासूनची मुरवण असते. पहिल्या प्रकारात शेजाऱ्याची विहीर आटते. दुसऱ्या प्रकारात आजोबांची ठेव मोडून खाल्ल्यासारखं होतं.

खर्चाची बाजू: आधी माणसं आणि जनावरं

नमुना म्हणून एक गाव धरू. क्षेत्र १ हजार हेक्टर, म्हणजे सुमारे अडीच हजार एकर. लोकसंख्या १,५००. मोठी जनावरं ५००, शेळ्या-मेंढ्या ८००.

जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. त्या हिशोबाने दीड हजार माणसांना वर्षाला सुमारे ३० टीसीएम लागतं. मोठ्या जनावराला पिणं-धुणं धरून रोज ५० लिटर पकडलं तर ९ टीसीएम. शेळ्या-मेंढ्यांना रोज ६ लिटरप्रमाणे पावणेदोन टीसीएम. सगळं मिळून ४१ टीसीएम, म्हणजे ४,१०० टँकर.

आता पिकांचं बघू. पाटाने दिलेली एक पाळी साधारण ६ सेंटिमीटर पाण्याची धरली तर एकरी जवळपास २४ टँकर लागतात. त्यावरून एका एकराचा मोघम हिशोब असा निघतो:

– हरभरा, दोन पाळ्या: अर्धा टीसीएम
– रब्बी ज्वारी, दोन पाळ्या: अर्धा टीसीएम
– गहू, सहा पाळ्या: दीड टीसीएम
– कांदा, दहा पाळ्या: अडीच टीसीएम
– ऊस, वर्षभर, पाटपाणी: आठ टीसीएम

जमीन हलकी की भारी, थंडी किती, पाणी देणारा कसा, यावर हे आकडे खाली-वर होतात. पण मोठं चित्र बदलत नाही. पाच एकर उसाला ४० टीसीएम लागतात. अख्ख्या गावाला, माणसं आणि जनावरं धरून, वर्षभर प्यायला ४१ लागतात.

म्हणजे उन्हाळ्यात गावाला टँकर लागतो तो गावाने जास्त पाणी प्यायल्यामुळे नव्हे. पिण्याचं पाणी हा एकूण हिशोबातला लहानसा कोपरा आहे. तो कोपरा आधी राखून ठेवला नाही, म्हणून टँकर लागतो.

नमुना गावाचा पूर्ण ताळेबंद

पाऊस ४०० मिलिमीटर झाला. त्यातलं शंभरातलं दहा वाटे, म्हणजे ४०० टीसीएम मुरलं. गावात बांधबंदिस्ती, समतल चर, नालाबांध झालेले आहेत. त्यामुळे आणखी १५० टीसीएम अडलं-मुरलं असं धरू. जमा झाली ५५० टीसीएम.

यातला पाचवा हिस्सा, ११० टीसीएम, शिल्लक ठेवायचा. कारण जमिनीतलं सगळं पाणी उपसता येत नाही. काही खालच्या गावाकडे झिरपतं, ओढा वाहता ठेवतं, आणि पुढच्या वर्षी पाऊस लांबला तर जून-जुलै काढायला उपयोगी पडतं. पिण्याचे ४१ बाजूला काढले. शेतीसाठी उरले साधारण ४०० टीसीएम.

या ४०० टीसीएममध्ये काय बसतं? एक पर्याय असा: हरभरा २५० एकर, ज्वारी २५० एकर, कांदा ३५ एकर, गहू ३५ एकर. एकूण ५७० एकर भिजतं आणि १० टीसीएम हिरव्या चाऱ्याला राहतं. दुसरा पर्याय: ५० एकर ऊस. बस्स, पाणी संपलं.

पहिल्या पर्यायात गावातल्या बहुतेक घरांत रब्बीचं काहीतरी येतं, कडबा होतो, दुभती जनावरं टिकतात. दुसऱ्या पर्यायात दहा-पंधरा घरांत पैसा येतो आणि बाकीचे ऊसतोडीला नाहीतर कंपनीत जातात.

पावसाने दगा दिला तर?

समजा पाऊस २५० मिलिमीटरवरच थांबला. मुरलेलं पाणी २५० टीसीएम, बंधाऱ्यांतून ६०. जमा ३१०. खरं तर पाऊस कमी झाला की मुरण्याचं प्रमाणही घटतं, पण हिशोबापुरतं तेवढंच धरू. पाचवा हिस्सा ६२ राखला, पिण्याचे ४१ काढले, की राहतात २०७. यात हरभरा २०० एकर आणि ज्वारी २०० एकर बसते, ७ टीसीएम चाऱ्याला राहतं. कांदा आणि गहू त्या वर्षी सोडून द्यावा लागतो.

हे ऑक्टोबरमध्ये कळलं तर शेतकरी कांद्याचं रोपच टाकत नाही. बियाणं, खत, लागणीची मजुरी वाचते. हेच फेब्रुवारीत कळलं तर एकरी केलेला सगळा खर्च मातीत जातो आणि शेवटच्या दोन पाळ्यांसाठी माणूस कर्ज काढून बोअर घेतो. दुष्काळी भागातली कितीतरी कर्जं अशाच शेवटच्या दोन पाळ्यांपायी झालेली आहेत. ताळेबंदाचा सगळ्यात मोठा फायदा हाच, वाईट बातमी वेळेवर कळते.

हे कुणी करून दाखवलंय का?

ही काही नवीन टूम नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धत काही शतकांपासून चालत आलेली आहे. नदीवर दगडी बंधारे, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग, म्हणजे फड. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्या फडात हंगामी पीक, हे गावकरी मिळून ठरवत. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. बहुतेकांच्या जमिनी प्रत्येक फडात थोड्या-थोड्या असल्यामुळे लाभ-तोटा वाटून जाई. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार आणि जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी फडच कमी भिजवायचे. ऊस कुणाला बंद नव्हता, त्याला मर्यादा होती.

दुसरं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्याचं. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे या अभियंता-उद्योजकाने तिथली अवस्था पाहिली. नायगावला ४० एकर माळरान भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी पाणी अडवण्याचे प्रयोग केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम त्या काळात धाडसी होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्ध्या एकराला पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस घ्यायचा नाही. खर्चातला ठराविक वाटा शेतकऱ्याने स्वतः भरायचा. साळुंखे २००२ मध्ये गेले, पण पाण्याचा हक्क जमिनीच्या उताऱ्याला न बांधता माणसाला देण्याचा विचार आजही कुठल्याही ताळेबंदाच्या चर्चेत निघतो.

तिसरं उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास, क्षेत्र हजार हेक्टरच्या आतबाहेर. वर दिलेल्या नमुना गावासारखंच. नव्वदच्या दशकात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी सुरू केली, डोंगरावर समतल चर खोदले, १९९४ पासून आदर्श गाव योजनेत काम झालं. पण असं काम पुष्कळ गावांनी केलंय. हिवरे बाजारचं वेगळेपण त्यापुढच्या पायरीत आहे. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं नाहीत, आणि पावसाळा संपल्यावर दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा हिशोब मांडून रब्बीची पिकं ठरवायची. गाव सोडून गेलेली कुटुंबं परत आली, दुधाचा धंदा वाढला. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या तिन्ही ठिकाणी पाणी अडवण्याची कामं वेगवेगळी होती. सारखी होती ती एकच गोष्ट: पाणी वापरण्याचा नियम गावाने ठरवला आणि पाळला.

मग बाकीच्या गावांत फसतं कुठे?

पाणी अडवण्यावर पैसा गेला, वापरावर कुणी बोललंच नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात हजारो गावांत कामं झाली. २०२० मध्ये आलेल्या कॅगच्या अहवालात त्यातल्या त्रुटींवर बोट ठेवलं गेलं; भूजल वाढवण्यात आणि पाण्याची गरज भागवण्यात अपेक्षित यश आलं नाही, असा त्याचा सूर होता. कामं वाया गेली असं म्हणता येणार नाही. कितीतरी गावांत विहिरींना पाणी वाढलं. पण वाढलेलं पाणी पाहून ऊस-फळबागा वाढल्या आणि दोन-तीन वर्षांत गाव पुन्हा पहिल्या जागेवर आलं, हेही लोकांनी पाहिलंय. नाला खोलीकरणात तर मुरूम संपून खडक लागेपर्यंत खोदल्याचेही प्रकार झाले. माथ्यावरचं काम सोडून आधी नाला खोदला की गाळ येऊन तो भरतो. क्रम माथ्याकडून पायथ्याकडेच हवा.

शेततळ्याचंही तसंच झालं. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये आली ती पावसाचं वाहतं पाणी साठवण्यासाठी. फळबागेच्या भागात अनेकांनी प्लास्टिकचा कागद टाकून बोअर-विहिरीचं पाणी उपसून तळी भरली. जमिनीत सावलीला असलेलं पाणी उन्हात आणून ठेवलं. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तरी ३० बाय ३० मीटरच्या काठोकाठ भरलेल्या तळ्यातून रोज ७ हजार २०० लिटर पाणी नुसतं हवेत जातं. ते १३० माणसांचं एका दिवसाचं पाणी आहे. बागायतदाराची अडचणही खोटी नाही. डाळिंब किंवा द्राक्षाची बाग एक उन्हाळा पाण्याविना गेली तर चार-पाच वर्षांची कमाई जळते. म्हणून तळं बंद करा असं सांगून भागत नाही. तळं पावसाळ्यात वाहत्या पाण्याने भरायचं आणि भूजलाने भरायचं असेल तर ते गावाच्या हिशोबात लिहायचं, एवढं तरी होऊ शकतं.

ठिबकबद्दल एक गैरसमज आहे. ठिबकने उसासारख्या पिकात तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी वाचू शकतं, हे बरोबर. पण वाचलेल्या पाण्यावर त्याच शेतकऱ्याने आणखी दोन एकर ऊस लावला तर गावाच्या खात्यात काहीच जमा होत नाही. ठिबकने एकराचं पाणी कमी होतं. एकर किती, हे गावाने ठरवलं तरच विहिरीला फरक दिसतो.

आणि उसाबद्दल. ऊस लावणारा शेतकरी काही गुन्हेगार नाही. उसाला एफआरपी आहे, कारखाना तोड करून नेतो, वादळ-गारपिटीत पीक बऱ्यापैकी तगतं. हरभऱ्याला हमीभाव कागदावर असतो, पण खरेदी केंद्र वेळेवर सुरू झालं नाही तर व्यापारी म्हणेल तो भाव. कांद्याचं तर सांगायलाच नको. त्यामुळे ‘ऊस सोडा’ म्हणणाऱ्याने ‘मग काय लावू?’ याचं उत्तर बरोबर आणायला हवं. ज्वारीचा कडबा आणि दूध, गटाने केलेलं बियाणं, थोड्या क्षेत्रावर ठिबकवरचा भाजीपाला, अशी जोड मिळाली तिथेच लोक उसावरून हटले आहेत. ज्या गावात कालव्याचं हक्काचं पाणी आहे तिथला हिशोब वेगळा. इथे विषय विहिरी-बोअरवर चालणाऱ्या गावांचा आहे.

कायदा काय म्हणतो?

१८८२ च्या जुन्या सुविधाधिकार कायद्यापासून समज असा की ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी. महाराष्ट्राने नंतर त्यावर बंधनं आणली. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ हा कायदा २०१४ पासून लागू आहे. त्यात शेती किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहिरीवर बंधन आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ, ५०० मीटरच्या आत नवी विहीर परवानगीशिवाय घेता येत नाही. प्रत्यक्षात रात्री गाडी येते, सकाळपर्यंत बोअर झालेली असते आणि दुसऱ्या दिवशी त्यावर मोटर बसते. तक्रार करायची तर ती भावकीतल्याच माणसाविरुद्ध, म्हणून कुणी करत नाही.

केंद्राची अटल भूजल योजना २०१९ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाली. सात राज्यांतल्या या योजनेत महाराष्ट्रातले १३ जिल्हे घेतले गेले आणि गावाचं जलअंदाजपत्रक हा तिचा पाया ठेवला गेला. त्यात असलेल्या गावांकडे निदान एकदा केलेला हिशोब आणि विहिरींची यादी असायला हवी. ग्रामपंचायतीत जाऊन ती मागता येते.

गावाने सुरुवात कुठून करावी?

जून: गावात एक पर्जन्यमापक बसवा. शाळेचं मैदान किंवा ग्रामपंचायतीचं आवार चालतं. झाड, भिंत जवळ नको. रोज सकाळी एकाच वेळी नोंद. मंडळाच्या ठिकाणचा पाऊस आणि गावातला पाऊस यात मोठा फरक पडू शकतो, त्यामुळे गावाची स्वतःची वही हवी.

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा: आतापर्यंतच्या पावसावरून कच्चा हिशोब. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेची वाट पाहिली तर ज्वारीचा निर्णय हातातून गेलेला असतो.

ऑक्टोबर: गावाच्या चारही दिशांना मिळून आठ-दहा विहिरी निवडा. रात्रभर मोटर बंद ठेवून सकाळी दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजा. मग २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पक्का हिशोब फळ्यावर मांडा. आकडे सगळ्यांना दिसले पाहिजेत. गहू-कांद्याचे एकर इथे ठरतात.

जानेवारी: त्याच विहिरी पुन्हा मोजा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उन्हाळी पिकांचा निर्णय. पाणी अंदाजापेक्षा जास्त उतरलं असेल तर उन्हाळी भुईमूग-बाजरी-मका नाही.

मे: शेवटची मोजणी. मागच्या मे महिन्याशी तुलना करा. पाऊस सारखा असूनही पातळी खाली गेली असेल तर गाव उत्पन्नापेक्षा जास्त खर्च करतंय, याला दुसरा पुरावा लागत नाही.

लोक विचारतात ते प्रश्न

माझ्या विहिरीचं पाणी, गाव कोण सांगणार? – विहीर तुमची, पण खडकातल्या भेगा बांध पाहत नाहीत. तुम्ही उपसलेलं पाणी शेजाऱ्याच्या रानातून आलेलं असू शकतं आणि तुमचं त्याच्याकडे जात असतं.

ठराव मोडला तर दंड करता येतो का? – विहीर खाजगी असल्याने ग्रामसभेच्या ठरावाला मर्यादा आहेत. ही पद्धत चालते ती माणसांच्या भिडेवर आणि विश्वासावर. म्हणून पहिल्याच वर्षी ऊसबंदीचा ठराव करू नये. ‘नवीन बोअर नाही आणि ऊस आहे त्यापेक्षा वाढवायचा नाही’ एवढ्यापासून सुरुवात केली तर टिकते.

सगळं गाव तयार नसेल तर? – एका ओढ्याच्या काठची पंधरा-वीस खातेदारांची वस्ती स्वतःपुरता हिशोब मांडू शकते. पाणलोट एक असला म्हणजे झालं.

ज्याला जमीनच नाही त्याला यात काय? – पिण्याचं पाणी पहिलं त्याच्यासाठीच राखलं जातं, कारण टँकरच्या रांगेत त्याचीच बायको-पोरगी उभी असते. शिवाय ५७० एकर रब्बी भिजली तर गावात खुरपणी-काढणीचं काम राहतं, दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडावं लागत नाही.

शेवटी

पाऊस वाढवणं गावाच्या हातात नाही. तो किती पडला, किती मुरला आणि कोणत्या पिकावर किती खर्च करायचा, हे हातात आहे. यंदा लागणारं साहित्य म्हणजे एक पर्जन्यमापक, दोरी, वही आणि ग्रामसभेत फळा. पहिल्या वर्षी आकडे चुकतील. दुसऱ्या वर्षी कमी चुकतील. तोवर निदान एवढं होईल, की मे महिन्यात टँकरमागे हंडे घेऊन पळताना पाणी नेमकं कुठे गेलं, हे गावाला माहीत असेल.